मी निर्वासित नाही, याचा दाखला

हसणार नाही असं कबूल करा, मग सांगतो. मागच्या खेपेला सांगायला बसलो, तर निम्मी गोष्ट झाल्यावर तुमच्यापैकीच एकानं हसता हसता बशीतला चहा माझ्या पँटवर सांडला आणि गोष्ट राहिली तशीच. या प्रकरणात मी मूर्खपणा केला, हे मान्य. पण त्याआधी माझ्यावर अन्याय झाला. आधी अन्याय, मग मूर्खपणा. हा क्रम आजवर एकानंही ध्यानात ठेवला नाही, म्हणून पुन्हा पहिल्यापासून सांगतो.

एकाहत्तर सालचा पावसाळा सरत आला होता. मी मध्य प्रदेशातल्या बालाघाटला, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. कॉलेजचं नाव सांगत नाही, आमच्या घरातली पोरं अजून तिथे शिकतात. रेडिओ लावला की एकच बातमी: पूर्व बंगालातून माणसं येतायत. आज इतकी आली, काल तितकी आली. गोंदियावरून रायपूरकडे त्यांच्या भरलेल्या गाड्या जात. आमची बालाघाटची छोटी लाईन, तिच्यावरून असलं काही जात नसे. जग आमच्यापासून वीस-पंचवीस मैलांवरून निघून जायचं, आणि आम्ही ते दुसऱ्या दिवशी पेपरात वाचायचो.

राज्यशास्त्राला कोलते सर होते. नागपूरचे, किडकिडीत, फार हळू बोलणारे. एक दिवस वर्गात आले आणि पुस्तक मिटून ठेवत म्हणाले की निर्वासितांचं राजकारण पुस्तकातून कळायचं नाही, त्यासाठी टेबलाशी बसावं लागतं. तीन आठवड्यांनी आपण वाटाघाटी करायच्या. खोट्या, पण खऱ्यासारख्या.

मग त्यांनी फळ्यावर नकाशा काढला. वर उत्तरदेश, खाली दक्षिणदेश, मध्ये नदी. उत्तरदेशात दंगे झाले आणि पन्नास हजार माणसं जीव घेऊन पळाली. ती नदीकाठी येऊन बसलीत. दक्षिणदेशानं त्यांना आत घ्यायचं का, किती घ्यायची, कुठे ठेवायची, दाणापाणी कोणी पुरवायचं, आणि ती परत कधी जाणार? टेबलाशी चार बाजू बसणार: उत्तरदेशाचा मंत्री, दक्षिणदेशाचा गृहमंत्री, लांबचा एक श्रीमंत देश आहे त्याचा राजदूत, आणि चौथा त्या पन्नास हजारांचा प्रतिनिधी. दोन तासांत लेखी करार व्हायला हवा. मार्क अंतर्गत परीक्षेत धरणार.

आता मला सांगा, गृहमंत्री कोण व्हायला हवा होता? आंतरकॉलेज वादविवादाची ढाल दोन वर्षं कोणी आणली होती? मी. 'माझ्या सरकारची भूमिका अशी आहे' हे वाक्य आरशासमोर उभं राहून कोणी घोटलं होतं? मी. चुलत भावाच्या लग्नात शिवलेला बंद गळ्याचा कोट कोणाजवळ होता? तोही माझ्याचजवळ. सर यादी वाचायला लागले तेव्हा मी पाठ ताठ करूनच बसलो होतो, नाव आलं की लगेच उठता यावं म्हणून.

सरांनी वाचलं, "दक्षिणदेशाचे गृहमंत्री, पाटले."

पाटले हा लालबर्ऱ्याकडचा. घरी धानाची शेती. मागच्या बाकावर भिंतीला टेकून बसायचा आणि सहा महिन्यांत एकदा बोलायचा, तेही हजेरीला. त्यानं स्वतःचं नाव ऐकलं आणि मागे वळून पाहिलं, आणखी कोणी पाटले आहे का म्हणून. मागे भिंतच होती.

उत्तरदेशाचं मंत्रिपद बिसेन नावाच्या मुलीला गेलं. राजदूत म्हणून तिसऱ्याच एकाचं नाव आलं. आणि सगळ्यात शेवटी सर म्हणाले, "निर्वासितांचा प्रतिनिधी, ठवकर."

ठवकर म्हणजे मी. मधुकर ठवकर.

तास संपल्यावर मी सरांना गाठलं. म्हटलं, यात काहीतरी चूक झाली असावी. त्यांनी विचारलं, कसली? मी म्हटलं, मला निर्वासित केलंत, आणि करण्याआधी एका शब्दानं विचारलंही नाहीत.

सर हाताचा खडू झटकत म्हणाले, "निर्वासिताला कोण विचारतं, ठवकर?"

पुढेही ते बोलले. म्हणाले, चौघांत तुझंच काम सगळ्यात अवघड आहे. तुझ्याजवळ देण्यासारखं काही नाही आणि मागायचं मात्र सगळंच आहे. ही फार मोठी गोष्ट ते मला सांगत होते, हे आज कळतं. त्या दिवशी मी त्यातलं 'तुझ्याजवळ काही नाही' एवढंच ऐकलं, आणि डोकं भणाणलं.

तसाच घरी आलो. आई अंगणात पापड वाळत घालत होती. मी पुस्तकं खाटेवर आदळली आणि म्हणालो, "आई, मले सरांनी निर्वासित केलं. साऱ्या वर्गासमोर. मी कॉलेजात तोंड दाखवत नाही आता. चाललो आत्याकडे."

आणि पिशवीत दोन कपडे कोंबून, मोटारस्टँडवर जाऊन लालबर्ऱ्याची बस धरली. माझी आत्या लालबर्ऱ्याला दिलेली. तिच्या पडवीत मी तीन दिवस रुसून बसलो. हा माझा पहिला मूर्खपणा. पण पाहा, अन्याय त्याच्या आधीचा आहे.

आता इथे शब्दाचा घोटाळा समजून घ्या. आपण मराठीत ज्याला निर्वासित म्हणतो, त्याला इकडे सगळे शरणार्थी म्हणतात. सर नागपूरचे, म्हणून त्यांच्या तोंडी निर्वासित. आणि माझे बाबा कचेरीत नकलनवीस. तीस वर्षं कोर्टाच्या हिंदी कागदांच्या नकला उतरवून काढलेली. त्या हिंदीत निर्वासित म्हणजे काढून लावलेला. हद्दपार. आईनं संध्याकाळी त्यांना जसंच्या तसं सांगितलं आणि बाबा खुर्चीत बसलेच.

पोराला कॉलेजातून काढलं. का काढलं, ते पोरगं सांगायला घरी नाही. म्हणजे कारण सांगण्यासारखं नाही.

दुसरा कोणी असता तर सायकल काढून प्रिन्सिपॉलकडे गेला असता आणि दहा मिनिटांत सगळं उलगडलं असतं. पण बाबा समोरासमोर कोणाला काही विचारण्यातले नव्हते. त्यांचा भरवसा अर्जावर. त्यांनी रात्र होण्याआधी कोर्टाच्या वळणदार हिंदीत अर्ज लिहिला: 'प्रार्थी का पुत्र निर्वासित हो गया है. परिवार दुखी है. बालक का भविष्य देखते हुए उसे महाविद्यालय में पुनः स्थान दिया जाए.' खाली सही. सकाळी कॉलेजच्या खिडकीत अर्ज सरकवला, मान वर न करता, आणि कचेरीत निघून गेले.

खिडकीमागे तिवारीबाबू होते, रीवाकडून नुकतेच बदलून आलेले. त्यांच्या टेबलावर महिनाभर एक छापील तक्ता पडला होता. वरून विचारणा आली होती, की आपल्या महाविद्यालयात निर्वासित छात्र किती? त्या तक्त्यात निर्वासित म्हणजे परमुलखातून आलेले. तिवारीबाबूंजवळ भरायला नाव नव्हतं, आणि वरून दोनदा स्मरणपत्र आलेलं. अशात हा अर्ज त्यांच्या हातात पडला. 'पुत्र निर्वासित हो गया है.' आणि आडनाव ठवकर. रीवाच्या माणसाला ठवकर हे बंगालचं की आणखी कुठलं, काय कळणार? त्यांनी आनंदानं पहिल्या रकान्यात माझं नाव लिहिलं. एक प्रत वर पाठवली, आणि एक प्रत गावातल्या मदत समितीकडे.

या मदत समितीचं दुःख वेगळंच होतं. गावातल्या बायकांनी तीन महिने घरोघर फिरून सामान जमवलं होतं. कांबळी, लुगडी, भांडी, जुने कोट. एका राइस मिलच्या गोदामात ढीग लागला होता. आणि बालाघाटला निर्वासित एकही आला नव्हता! सारे परस्पर रायपूरकडे. मिलवाला रोज विचारायचा, बाई, हे उचलणार कधी, माझं धान कुठे ठेवू? समितीच्या अध्यक्षा एका वकिलांच्या बायको होत्या, मनानं खरंच चांगल्या. त्यांना एक तरी निर्वासित हवा होता, आणि तो त्यांना कॉलेजच्या यादीत सापडला.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्या सहा बायका, सामानाची हातगाडी आणि एक फोटोग्राफर घेऊन आमच्या घरी आल्या. तिथे काय बोलणं झालं ते आईनं मला नंतर सांगितलं, आणि ते ऐकून मला वाटलं, तीन दिवस आत्याकडे बसण्याऐवजी मी वैनगंगेत उडी घेतली असती तर बरं झालं असतं.

वकीलबाईंनी आईचे हात धरले आणि म्हणाल्या की सगळं ऐकून फार वाईट वाटलं. आईला वाटलं, पोराला काढल्याची बातमी गावभर झाली. ती रडायलाच लागली. म्हणाली, माझ्या पोरानं काही केलं नाही, त्याचा काही दोष नाही. बाई म्हणाल्या, दोष कसा असेल, यात निरपराधच भरडले जातात. मग त्यांनी विचारलं, सगळं सोडून यावं लागलं का?

आई म्हणाली, "हौ बाई. पुस्तकं तेवढी घेऊन आला. बाकी तिथंच राह्यलं."

बाकी म्हणजे माझी छत्री. कॉलेजात विसरली होती.

वकीलबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मुलगा आता कुठे आहे? आई म्हणाली, तोंड दाखवायची लाज वाटते म्हणून निघून गेला. कोणी काढलं त्याला? आई म्हणाली, सरांनी काढलं. बाईंना ते 'सरकारनं' ऐकू आलं. आता कोणत्या सरकारनं ते विचारायची गरजच नव्हती, रेडिओवर रोज सांगत होते.

नेमका त्याच वेळी मी बसमधून उतरून गल्लीच्या तोंडाशी आलो. दारात गर्दी पाहून धावत गेलो. सहा अनोळखी बायका माझ्याकडे वळल्या, आणि त्यातल्या एकीनं माझ्या खांद्यावर कांबळं टाकलं. भाद्रपदातल्या दुपारी. कांबळ्याला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. समोर फोटोग्राफर काळ्या कापडात डोकं घालून उभा.

मी विचारलं, हे काय चाललंय? वकीलबाई प्रेमानं म्हणाल्या, "बेटा, संकोच मत करो. तुम अब अपने ही लोगों में हो."

मी म्हणालो, मी कायम माझ्याच लोकांत आहे, हे माझं घर आहे. त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, हो, हो, आता हेच तुझं घर. मी ओरडलो की मी निर्वासित नाही. त्या आईकडे वळून हळूच म्हणाल्या, धक्का मोठा बसलाय, वेळ लागेल. जितकं मी नाकारावं, तितकी त्यांच्या डोळ्यांतली दया वाढावी. तुम्ही कधी दयेशी भांडून पाहिलंय? रागावलेल्या माणसाला उत्तर देता येतं. दया करणाऱ्याला काय देणार? मी कांबळं भिरकावलं, ते तुळशीवर पडलं. तेवढ्यात फोटो निघाला.

तासाभरानं बाबा कचेरीतून आले. मग सगळं एकमेकांना सांगून झालं. बाबांनी अर्जाबद्दल सांगितलं, मी वर्गाबद्दल सांगितलं, आईनं बायकांबद्दल. अंगणात आठ अल्युमिनियमची भांडी, चार लुगडी आणि दोन माणसं मावतील असा एक कोट.

बाबा म्हणाले, "नाटकातला निर्वासित?"

मी म्हटलं, नाटक नाही, वाटाघाटी.

"मंग तसं सांगाले तोंड नव्हतं का तुले? तीन दिवस मी कचेरीत खाली मान घालून बसून राह्यलो."

आता यात माझी चूक किती आणि त्यांची किती? मी रागाच्या भरात अर्धवट बोललो, कबूल. पण त्यांनी अर्ज कशाला लिहायचा? हे मी त्यांना बोललो नाही. मनात मात्र बोललो.

सामान परत केलं. वकीलबाईंनी ते कसंबसं घेतलं, आणि त्यांची खात्री पटली असं मला वाटलं नाही. खरा त्रास कॉलेजात होता. तक्त्यात माझं नाव चढलं होतं. मी तिवारीबाबूंना म्हटलं, खोडा. ते म्हणाले, वर गेलेलं नाव असं खोडता येत नाही. तू निर्वासित आहेस याला तुझ्या बापाचा लेखी अर्ज आहे. तू नाहीस याला काय आहे? कचेरीतून स्थानिक रहिवासी असल्याचा दाखला आण.

मला वाटलं, त्यात काय. बालाघाटात वाढलो, बालाघाटात शिकलो, अर्धं गाव ओळखतं. कचेरीतल्या कारकुनानं पहिलाच प्रश्न विचारला, जन्म कुठला? मी खरं सांगितलं. माझी आई तुमसरकडची, पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून जन्म भंडारा जिल्ह्यातला.

कारकून म्हणाला, "वह तो महाराष्ट्र है."

मी म्हटलं, आज आहे. मी जन्मलो तेव्हा तुमसर आणि बालाघाट एकाच प्रांतात होती, राजधानी नागपूर. छप्पन साली वाटणी झाली, ते तिकडे गेलं, आपण इकडे राहिलो. त्यानं बाबांची शाळा विचारली. नागपूर. आजोबांचं गाव? भंडाऱ्याजवळचं. त्यानं लेखणी खाली ठेवली आणि म्हणाला, म्हणजे तुम्ही सगळे बाहेरूनच आलात की.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आम्ही आलो? बाबा या कचेरीत त्याच्या जन्माआधीपासून नकला उतरवत होते. आम्ही जागचे हललो नाही. रेघ हलली. रेघेला दाखला विचारा. हे सगळं मी तिथे मोठ्यानं बोललो, आणि त्यानं शांतपणे सांगितलं की दोन शेजारी आणि वॉर्डातला एक जुना माणूस साक्षीला आणा.

चार खेपा झाल्या. एका शेजाऱ्याला बोटं दुखतात म्हणून सही करता येईना. दुसरा म्हणाला की मी स्वतःच बाहेरचा, शिवनीचा, माझी सही चालेल का? जुना माणूस सापडला तर त्याला ऐकू येईना. शेवटी बाबांनी कचेरीतल्या ओळखीनं ते जमवलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कोणाला तोंडी विनंती केली, आणि तीही माझ्यासाठी. हातात दाखला पडला. गोल शिक्का, खाली लांब सही, आणि मध्ये स्पष्ट अक्षरांत: प्रमाणित केलं जातं की मधुकर ठवकर हा इथला स्थानिक रहिवासी असून निर्वासित नाही.

तो कागद घेऊन मी रस्त्यावर आलो तेव्हा मला काय वाटलं सांगू? ढाल मिळाल्यावर वाटलं नव्हतं, इतकं मोठं वाटलं. तिवारीबाबूंना मी तो लांबून दाखवला, नक्कल दिली, आणि अस्सल कागद कोटाच्या आतल्या खिशात ठेवला.

आणि दुसऱ्याच दिवशी वाटाघाटी होत्या.

नाही म्हणायला माझी तयारी होती. इतक्या धावपळीतही भाषण लिहिलं होतं. नदीकाठी पन्नास हजार माणसं, त्यांना छप्पर, दाणे, पाणी, औषध, पोरांना शाळा, आणि परत जायची वेळ आली तर सुखरूप जाण्याची हमी. सहा मागण्या, पाठ केलेल्या. बंद गळ्याचा कोटही घातला होता. निर्वासितानं कोट घालू नये असं कुठे लिहिलंय?

दुपारी बारा वाजता चार टेबलं चौकोनात मांडली. कोलते सर अध्यक्ष. बाकी वर्ग भोवती बसला. बिसेननं सुरुवात केली, फार गोड बोलली, आणि गोडीगोडीतच सांगून टाकलं की नदीकाठी बसलेली माणसं उत्तरदेशाची नाहीतच. राजदूतानं सहानुभूती दाखवली, दुसरं काही दाखवलं नाही. पाटले समोर एक जाड वही ठेवून बसला होता आणि कोणाकडे बघतसुद्धा नव्हता. मग सर म्हणाले की निर्वासितांच्या प्रतिनिधीनं आपली बाजू मांडावी.

मी उठलो. घसा साफ केला. तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, "भैया, कंबल मिल गया?"

सगळा वर्ग हसला. फोटो गावात फिरला होता.

तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं? दोन आठवडे मी हे सोसत होतो. वकीलबाईंची दया, तिवारीबाबूंचा तक्ता, कारकुनाची लेखणी, बाबांची खाली मान. सहाच्या सहा मागण्या डोक्यातून उडाल्या. मी खिशातून दाखला काढला आणि टेबलावर आपटला. म्हणालो, मी निर्वासित नाही. माझा बाप निर्वासित नाही, माझा आजा नव्हता. हा पाहा शिक्का. ज्याला वाचता येतं त्यानं वाचावं, आणि यापुढे मला निर्वासित म्हणायची कोणी हिंमत करू नये. दहा मिनिटं बोललो. रेघेचं पण बोललो. ढाल मिळाली त्या भाषणापेक्षा हे भाषण चांगलं झालं, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. वर्गानं टाळ्या वाजवल्या. मी घाम पुसत खाली बसलो.

आणि पाटले उठला.

त्यानं अध्यक्षांची परवानगी घेऊन तो कागद मागवला. एकेका ओळीखाली बोट धरून शेवटपर्यंत वाचला. मग मला विचारलं, शिक्का खरा आहे ना? मी म्हटलं, अस्सल. प्रतिनिधी आपल्या म्हणण्यावर कायम आहेत ना? मी म्हटलं, मरेपर्यंत.

पाटले सरांकडे वळला. "अध्यक्ष महोदय, प्रतिनिधि खुद सरकारी सील के साथ कह रहे हैं कि वे निर्वासित नहीं हैं. उत्तरदेश पहले ही कह चुका है कि वहाँ से कोई गया नहीं. फिर नदी पर कौन बैठा है? मेरी सरकार जगह किसे दे?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. विचारलं, ठवकर, तुम्हाला काही शब्द मागे घ्यायचे आहेत का? मी अजून तापलेलाच. पाटल्यानं काय केलं ते मला कळलंच नव्हतं. मला वाटलं, सरही मला पुन्हा निर्वासित करायला निघालेत.

मी म्हणालो, "एक शब्दही मागे घेणार नाही."

सरांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं, आणखी मोठ्यानं.

मग करार झाला. दोन तासांच्या वाटाघाटी पंचवीस मिनिटांत संपल्या. नदीकाठी कोणी नाही, सबब प्रश्न शिल्लक नाही. बिसेननं सही केली, पाटल्यानं सही केली, राजदूतानं तर धावत येऊन केली. पन्नास हजार माणसं मी एका कागदानं नाहीशी केली. कोणत्याही दुष्ट मंत्र्याला जमलं नसतं ते त्यांच्याच प्रतिनिधीनं करून दाखवलं.

बाहेर व्हरांड्यात पाटले मला शोधत आला. मी त्याच्याशी बोलणार नव्हतो. त्यानं ती जाड वही उघडून पुढे धरली. पानामागून पान. कोणत्या गावात किती विहिरी, कुठल्या गोदामात किती धान मावेल, कोणत्या शाळेला पक्कं छप्पर, कुठे किती माणसं राहू शकतील. लालबर्ऱ्याच्या आसपासची खरी गावं होती ती. तीन आठवडे हा माणूस सायकलवर फिरून हे गोळा करत होता.

म्हणाला, "यार, मैं आधे लेने को तैयार बैठा था. तू अड़ जाता तो सब ले लेता. तूने कुछ माँगा ही नहीं."

मी वही परत केली. त्याच्यावरचा राग तिथल्या तिथे गेला, आणि रागावायला दुसरं कोणी सापडेना, तेव्हा मी सरांवर रागावलो.

आठवड्यानं मार्क लागले. पाटल्याला पैकीच्या पैकी. बिसेनला त्याखालोखाल. माझ्या नावापुढे आकडाच नाही, तिथे लिहिलं होतं: गैरहजर.

मी तरातरा सरांच्या खोलीत गेलो. म्हटलं, सर, हा सरळसरळ अन्याय आहे. मी पूर्ण वेळ तिथे होतो, दहा मिनिटं बोललो, अख्ख्या वर्गानं पाहिलंय. मी गैरहजर कसा?

कोलते सरांनी चष्मा काढून पुसला आणि आपल्या त्या हळू आवाजात म्हणाले, "निर्वासितांचा प्रतिनिधी आलाच नव्हता, ठवकर. त्याच्या खुर्चीवर बालाघाटचे एक स्थानिक रहिवासी येऊन बसले होते. त्यांच्याजवळ तसा दाखलाही होता."